फलकातून कापलेला पंख

गेल्या उन्हाळ्यात घाटंजीजवळच्या माळावर रिमोटचं एक विमान वर गेलं आणि पहिल्याच वळणावर पडलं. ते बनवणाऱ्या माणसाचं नाव मी विचारलं नाही.

साठीचा, बारीक माणूस. बोलताना बोटं सतत शर्टाच्या बटणावर. विमानाचा पंख त्याने बायकोच्या पुण्यस्मरणाच्या फलकातून कापला होता, तिच्या फोटोसकट. त्या हलक्या प्लास्टिकमध्ये आत बारीक नळ्या असतात. नळ्या पंखाच्या लांबीने गेल्या तरच पंख ताठ राहतो. याच्या पंखात त्या आडव्या होत्या. मी तसं म्हटलं.

"मले मालूम हाये," तो म्हणाला. "पण तसा कापला असता तर तिचा चेहरा अर्धा जाते. विमानात बसवीन म्हनलं होतं तिले. राहूनच गेलं."

"भाऊ, वहिनीले पट्टा बांधला का?" त्याच्यासोबत आलेल्या मित्राने विचारलं.

तो हसला. बाहीने फोटो पुसून त्याने विमान मित्राच्या हाती दिलं. मित्राने ते वर फेकलं.

विमान पडल्यावर तो धावला नाही, चालत गेला. पंख उचलून त्याने दोन्ही हातांनी सरळ करून पाहिला. पंख मधोमध दुमडला होता. घडी चेहऱ्यावरून गेली होती.