अल्सरचं पथ्य

बेरियम मीलचा, म्हणजे पांढरं औषध पाजून काढलेला, एक्स-रे उजेडासमोर धरून डॉक्टर म्हणाले, "जठराच्या खालच्या तोंडाशी गाठ आहे. कॅन्सर दिसतो. ऑपरेशन होऊ शकतं, पण अंगात ताकद नाही. तीन आठवडे चांगलं खाऊ घाला."

बाहेर बाकावर बाबा बसले होते. वय बहात्तर, जन्म हातमागावर गेलेला. मी सांगितलं, "अल्सर आहे." आमच्याकडे सगळे असंच सांगतात.

अल्सर म्हटल्यावर बाबांनी शेजारच्या सोमाजीकाकांना गाठलं. काकांना तो होऊन गेला होता. त्यांनी पथ्य दिलं: दूध आणि भाताची पेज, बस. बाबा शिस्तीचे. मी उकडलेलं अंडं पुढे केलं की ताटली सरकवायचे. "अल्सरवाल्याले हे चालत नाही गा. मारतं का मले?"

पटवायचं तर खरं सांगावं लागलं असतं. मी अंडं परत नेलं. आजवर कुणाला सांगितलं नाही ते सांगतो: गप्प बसणं मला सोयीचंही होतं. ऑपरेशनच्या टेबलावरून ते परत येणार नाहीत, असं मी धरूनच चाललो होतो; ते टळलं तर बरंच, असं वाटायचं.

तीन आठवड्यांनी वजन आणखी उतरलं. अल्ब्युमिन, म्हणजे जखम भरायला लागणारं रक्तातलं प्रथिन, घसरलं. डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं. "अशानं टाके धरणार नाहीत. काय खाऊ घातलंत?"

बाहेर येऊन मी बाबांना सगळं सांगितलं.

 बाबा म्हणाले, "कॅन्सर मले झाला, आन् डरून तू राहिला! तीन हप्ते उपाशी काहून मारलं गा मले? चाल. अंडे घे."

अंडी, घट्ट वरण, दाण्याचा कूट. भूक नव्हतीच. घास उलटून यायचा. तोंड पुसून पुढचा घ्यायचे. उमरेडचे नातेवाईक म्हणाले, "या वयात काहून चिरफाड? रामनाम घ्या."

"पहिले जेवू द्या. मंग घेतो."

अल्ब्युमिन वर आलं, तशी पार्शल गॅस्ट्रेक्टॉमी झाली, म्हणजे जठराचा बराच भाग काढला. टाके धरले. आधी चमचाभर पाणी, मग पेज, पुढे दर दोन तासांनी मूठभर जेवण. एकदा शिरा खाऊन ते घामाघूम होऊन आडवे झाले. गोड झपाट्यानं आतड्यात उतरतं, त्याला डम्पिंग म्हणतात. घाबरू नका, गोड टाळा, थोडं थोडं द्या.

आणि आजार लपवू नका. म्हाताऱ्या माणसाला धक्का बसेल म्हणता? घास त्यालाच गिळायचा असतो.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. परवा एक पाहुणे माझ्या कानाशी पुटपुटले, "त्यांना सांगितलं तर नाही ना?"

बाबा हातमागावरूनच ओरडले, "सांगतलं! पण उशिरा सांगतलं यानं!"

मी म्हटलं, "हो. उशिरा."