लुगड्यातले पणजोबा

माझ्या पणजोबांवर अन्याय झाला तो गेल्या पितृपक्षात, अविधवा नवमीला, भर दुपारी, परंड्यात. आणि करणारे आम्हीच, घरचे.

नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. आमची पणजी तशी गेलेली. म्हणून चुलतीनं वर्षातून एकदाच कपाटातून निघणारा तिचा फोटो पाटावर मांडला. नऊवारी लुगडं, नथ, डोक्यावर पदर, डाव्या जबड्याखाली गोंदण. दरवर्षीसारखं मी हळदकुंकू लावलं, हिरव्या बांगड्या ठेवल्या.

पण यंदा जळकोटहून आत्याआजी आली होती. माझ्या आजोबांची बहीण, पणजोबांची लेक. या जेवणाला पहिल्यांदाच. चष्मा पुसून तिनं फोटो पाहिला आणि पाटासमोर बसून हसतच सुटली.

"अगं बये, बांगड्या कुणाला वाहतीस? हे माझे बाबा हाईत!"

"आत्या, ऊन लागलं का तुम्हाला?" चुलते म्हणाले.

"तुलाच लागलंय. ते गोंदण न्हाय, फिडल धरून पडलेला घट्टा हाय. मिशी काढताना लई रडले व्हते म्हणं."

मूकपटांत कामाला बायका मिळत नसत, तेव्हा पणजोबा नायिका व्हायचे. तोच चित्रपट गावोगावच्या तंबूत लागला की पडद्याखाली बसून फिडल, म्हणजे व्हायोलिनही तेच वाजवायचे. वर स्वतः विहिरीत उडी घेणार, खाली स्वतःच रडका सूर धरणार. बाया हुंदके द्यायच्या आणि ह्यांना हसू आवरायचं नाही. मग बोलपट आले. नायिकेला आवाज लागायला लागला, आणि पणजोबांचा आवाज असा की शिवारापलीकडचा बैल थांबावा. ते शेतीकडं परतले. संध्याकाळी खळ्यावर वाजवायचे, तेव्हा आत्याआजी त्यांच्या मांडीला टेकून ऐकायची.

एवढंच असतं तर मी लिहिलं नसतं. जेवणं उरकल्यावर चुलत्यांनी फोटो उचलला आणि ट्रंकेत टाकला.

"घरातला पुरुष लुगड्यात? पाहुणे काय म्हणतील? पोरीची सोयरीक व्हायचीय."

म्हणजे बाई समजून पाया पडायचं आणि बाप्या निघाला की लाजायचं!

आत्याआजीचं हसू गेलं. "बाबांचा दुसरा फोटो न्हाय रे," एवढंच ती म्हणाली.

सोयरीक व्हायची राहिलेली पोर मीच. मी फोटो काढून तिच्या हातात दिला.

"मला कशाला? म्या त्यांना बघितलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसंल तिथं लाव."

बाहेरच्या खोलीत, दारासमोर लावला. चुलत्यांनी काढला. मी परत लावला. अजून तेच चाललंय.

तेव्हा आमच्याकडं पाहुणे म्हणून येणाऱ्यांनो, मुलगी बघायला या नाहीतर बारशाला या, चहाचा कप हातात घेण्याआधी विचारा, "तुमच्यातल्या नटाचा फोटो कुठाय?" आणि चुलत्यांना ऐकू जाईल असं, मोठ्यानं विचारा.