कोपरावरचं काचेचं फुलपाखरू

मार्चमध्ये अमेरिकेत नोव्हायला मुलाकडे आलो, तर अंगणात घोटाभर बर्फ. अशात मंदार म्हणाला, "बाबा, शनिवारी फुलपाखरं बघायला जाऊ." मला वाटलं, कामाच्या ताणाने याचं डोकं फिरलं. पण माझी नात सई, वय आठ, आठवडाभर एकाच फुलपाखराची चित्रं काढत होती. पंख काचेसारखे, आरपार दिसणारे. ते तिला खरंखुरं बघायचं होतं.

हायवेने अडीच तास लागले. रस्ता इतका गुळगुळीत, की खड्ड्यांऐवजी घसरण्याची काळजी. वाटेतल्या थांब्यावर शौचालय स्वच्छ आहे, पण खायला नुसते चिप्स. मेथीचे ठेपले न्यावेत. म्हाताऱ्यांना तिकिटात सूट आहे. माझं वय कुणी विचारलंसुद्धा नाही, ते जरा लागलं.

फुलपाखरांचं घर म्हणजे काचेचं मोठं दालन, आत मे महिन्यातल्या कोकणासारखं दमट. लोकांनी कोट बाहेर टांगले. माझ्या कोटात पासपोर्ट, म्हणून मी तो घालूनच घामाघूम हिंडलो.

"आजोबा, प्लीज टेक इट ऑफ," सई कुजबुजली. "एव्हरीबडी इज लुकिंग."

"बघू देत. पासपोर्ट गेला तर मला परत कसं पाठवाल?"

"हरवलाच तर इथेच राहा," मंदार म्हणाला.

निळी, पिवळी खूप दिसली. काचेचं एकही नाही. सई रडवेली होऊन निघाली.

बाहेर पडताना दोन दारांमधली एक खोली लागते. तिथे आरसे आहेत. कपड्यांवर फुलपाखरू बसून बाहेर गेलं तर थंडीत मरतं, म्हणून तपासतात. तिथल्या गणवेशातल्या बाईंनी माझ्याकडे बघून हात वर केला. मी पासपोर्ट काढून पुढे धरला.

"बाबा, तो नको. हलू नका, कोपरावर बसलंय."

मला नुसतं कोपर दिसत होतं. मग तपकिरी रेघा दिसल्या, आणि त्यांच्यामधून कोटाची वीण. तेवढ्यात पलीकडून कुणीतरी दार उघडलं. गार झोत आला.

"आजोबा, डोन्ट मूव्ह. इट विल डाय."

मी श्वाससुद्धा रोखला. बाईंनी मऊ कुंचल्यावर ते अलगद घेतलं आणि आत पानावर सोडलं. सई काचेला नाक लावून बघत राहिली.

परतताना ती माझ्या कोटाला टेकून झोपली. घरी आईला म्हणाली, "आजोबा सेव्ह्ड इट. ही वॉज लाइक अ स्टॅच्यू." मी नाही म्हटलं नाही. खरं म्हणजे गणवेश बघूनच माझे हातपाय गार पडले होते. फुलपाखरू नंतर आठवलं. तुम्ही गेलात तर कोट बाहेर ठेवा. हे खरं इथे लिहायला हरकत नाही, सईला अजून मराठी वाचता येत नाही.