मांडलिकाचा आकडा

शहरातले दातांचे डॉक्टर त्याला धाकटा म्हणूनच ओळखत. वय एक्केचाळीस, कानांवर पांढरे केस, जवळचं बघायला चष्मा; पण थोरला धडधाकट असेपर्यंत माणूस धाकटाच राहतो, त्याला इलाज नाही. दोघा भावांची कवळ्या बनवायची लॅब होती. खरं सांगायचं तर लॅब दादाची होती आणि धाकटा त्यात होता. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवत, दादा त्यात प्लास्टर ओतून जबडा काढी, धाकटा त्यावर मेण चढवून एकेक दात लावी, आणि शेवटचं घासणं-चमकवणं पुन्हा दादाकडे येई.

दात लावणं हीच यातली खरी कला. सगळे दात सुतासारखे सरळ लावले, तर माणूस हसताना दुकानाच्या काचेत मांडलेल्या नमुन्यासारखा दिसतो. धाकटा एखादा दात केसभर तिरका लावी, एखाद्याची कड उगीच झिजल्यासारखी घासून टाकी. कवळी घालून घरी गेलेल्या म्हाताऱ्यांना बायका म्हणत, अहो, तुम्ही तर पूर्वीसारखे दिसायला लागलात. डॉक्टर फोन करून दादाची तारीफ करत, आणि दादा प्रत्येक वेळी सांगे, "हात धाकट्याचा आहे, माझं फक्त प्लास्टर." म्हणजे रागवायलासुद्धा जागा नाही. दादाने श्रेय लाटलं असतं तर धाकट्याचं निम्मं आयुष्य सोपं झालं असतं.

वडील गेले तेव्हा धाकटा अकरा वर्षांचा होता. बावीस वर्षांच्या दादाने शिक्षण सोडून हा धंदा शिकून घेतला, मग धाकट्याला शिकवला. बापाशी एक वेळ भांडता येतं. बापाच्या जागी आपणहून येऊन बसलेल्या भावाशी कसं भांडायचं, हे कुणी शिकवत नाही.

तर हा धाकटा आपली सगळी खुमखुमी कॉम्प्युटरवर जिरवायचा. जुन्या काळातल्या राज्यांचा तो खेळ होता. जगाचा नकाशा, शेकडो राज्यं, त्यातलं एक आपण घ्यायचं आणि दोन-चारशे वर्षं चालवायचं. बाकीचे लोक बलाढ्य साम्राज्य घेऊन जग जिंकायला निघतात. धाकटा नेहमी सगळ्यात छोटं मांडलिक राज्य निवडायचा, नकाशावर नखाएवढं. वर्षाला खंडणी भरायची, मालकाच्या लढायांत सैन्य धाडायचं, त्याला विचारल्याशिवाय कुणाशी वैर धरायचं नाही. खेळात मांडलिकाच्या असंतोषाचा एक आकडा असतो. पन्नासच्या वर गेला की बंड करता येतं. मालकाने भेटी दिल्या, खंडणी माफ केली की तो उतरतो; दुसऱ्या एखाद्या मोठ्या राज्याने गुपचूप पाठीशी उभं राहायचं कबूल केलं की चढतो. सोळा वर्षं धाकटा हा आकडा चढवत आला होता. स्वतंत्र झाला की त्याचा रस संपे, आणि तो दुसरं मांडलिक राज्य शोधायला लागे. याचा अर्थ काय, हे त्याच्या बायकोला पहिल्याच वर्षी कळलं होतं. त्याला स्वतःला कळायला जरा वेळ लागला.

मग दादाचा पाय मोडला. लॅबमध्ये सांडलेल्या ओल्या प्लास्टरवरून घसरला आणि नडगीचं हाड गेलं. सहा आठवडे पलंग. ज्या माणसाने तीस वर्षांत दुपारची झोप घेतली नाही, तो दिवसभर आढ्याकडे बघत पडला आणि वहिनीच्या प्रत्येक कामात लक्ष घालू लागला. चौथ्या दिवशी वहिनी जिना चढून धाकट्याच्या घरी आली.

"भावजी, यांना काहीतरी उद्योग लावून द्या. सकाळपासून मला पोळपाट कसा धरायचा ते शिकवतायत."

त्याच आठवड्यात लॅबला काम देणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी धाकट्याला एकट्याला बोलावून घेतलं होतं. बाईंचा दवाखाना मोठा, तीन डॉक्टर हाताखाली. वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी होती. "तुम्ही स्वतःची लॅब काढा," बाई म्हणाल्या. "माझं सगळं काम तुम्हालाच देईन, ओळखीच्या डॉक्टरांचंही मिळवून देईन. पण पाटी तुमच्या एकट्याची हवी. महिनाअखेरपर्यंत सांगा."

धाकट्याने तिथेच नाही म्हणायला हवं होतं. दादा पलंगावर पडलेला, उजव्या हाताला अलीकडे थोडा कंप सुटलेला, आणि दात लावणारा दुसरा हात लॅबमध्ये नव्हता. धाकटा गेला तर लॅब वर्षभर टिकणार नाही हे दोघा भावांना न बोलता माहीत होतं. धाकटा म्हणाला, "विचार करून सांगतो." घरी येताना त्याला वाटलं की रस्त्यावरचा प्रत्येक माणूस आपल्याकडे वळून बघतोय. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

आणि अशा मनाने तो दादाला खेळ शिकवायला बसला. पलंगाला टेबल लावून एक कॉम्प्युटर, दाराशी खुर्ची टाकून दुसरा, मधून वायर. वहिनी तिच्यात दोनदा अडखळली आणि दोन्ही वेळा तिने खेळ काढणाऱ्याचा उद्धार केला. दादाला मोठं हिरवं राज्य दिलं. धाकट्याने सवयीने त्याच्या शेजारचं नखाएवढं तपकिरी राज्य घेतलं, दादाचंच मांडलिक.

"तू माझ्या हाताखाली कशाला?" दादाने विचारलं.

"मला तसंच खेळायची सवय आहे."

"बरं. त्रास झाला की सांग."

रोज दुपारी जेवणानंतर दोन तास आणि रविवारी सकाळपासून खेळ चाले. दादा खेळायला अगदीच कच्चा. कुठल्याही राजाने मैत्रीचा हात पुढे केला की हा धरायचा, कर वाढवायची वेळ आली की प्रजेची दया यायची. पहिल्याच दशकात त्याने धाकट्याची खंडणी माफ करून टाकली. "तुझं एवढंसं राज्य, त्यातून काय घ्यायचं," म्हणाला. धाकट्याचा आकडा धपकन खाली आला आणि धाकटा वैतागला. शत्रूने दयाळू असू नये एवढं तरी माणसाला मागता यायला हवं.

दोन आठवड्यांनी धाकट्याने दादाच्या वैऱ्याकडे, समुद्रापलीकडच्या निळ्या राज्याकडे, गुपचूप दूत धाडला. आमच्या बंडाला पाठिंबा द्याल का? निळा हो म्हणाला. आकडा चढायला लागला, चाळीस, अठ्ठेचाळीस, त्रेपन्न. प्लास्टरमधल्या पायाखालची उशी सरळ करताना, दादाचा चहा पुढे सरकवताना धाकट्याची नजर पडद्यावरच्या आकड्याकडे जाई. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा म्हणतात तो आपणच, असं त्याला स्पष्ट वाटे. तरी हात थांबत नव्हता. डॉक्टरीणबाईंचं दादाला सांगायचं होतं आणि जीभ रेटत नव्हती. खेळात आधी करून बघू, मग खरं बोलायला बळ येईल, असा त्याने स्वतःशी हिशेब मांडला होता. भित्र्या माणसाला असल्या युक्त्या फार सुचतात.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी पूर्वेकडची तीन राज्यं मिळून धाकट्याच्या राज्यावर चालून आली. दादाने एका क्षणात आपलं सगळं सैन्य तिकडे वळवलं. घाटात बर्फ पडत होतं, निम्मे सैनिक थंडीनेच गेले. उरलेले धाकट्याच्या राजधानीभोवती उभे राहिले आणि दोन वर्षं तिथून हलले नाहीत. तिन्ही राज्यं मागे हटली. दादाची स्वतःची राजधानी तेवढा काळ उघडी पडली होती. धाकट्याच्या आकड्यावर एकसष्ट लिहिलं होतं.

धाकट्याने बंडाचं बटण दाबलं.

दादाच्या पडद्यावर खलिता आला असणार. धाकट्याला आपल्या पडद्यावर एवढंच दिसलं, की त्याच्या राजधानीभोवती राखण करत उभं असलेलं हिरवं सैन्य एका क्षणात शत्रूचं सैन्य झालं, चारी बाजूंनी वेढलेलं, परतीची वाट नसलेलं. निळ्याची जहाजं दादाच्या किनाऱ्याला लागली. अर्ध्या तासात सगळं आटोपलं. दादा एकेक किल्ला देत होता. शेवटी त्याने तहावर सही केली आणि खेळ थांबवला.

"झालास स्वतंत्र," तो म्हणाला. "दमलास तू. किती दिवस लावलेस."

"किती दिवस म्हणजे?"

"अरे, निळ्याशी बोलणी सुरू केलीस तेव्हापासून. इथे दिसतो ना तुझा आकडा." दादाने पडदा धाकट्याकडे वळवला. मालकाच्या पडद्यावर मांडलिकांची यादी होती. प्रत्येकापुढे आकडा, आणि आकड्यावर माउस नेला की त्याची कारणं: निळ्या राज्याचा पाठिंबा, एवढे गुण. सगळं उघड्यावर.

सोळा वर्षं हा खेळ खेळणाऱ्या माणसाला हे माहीत नव्हतं. माहीत होणार कसं? मालकाच्या खुर्चीत तो कधी बसलाच नव्हता. ज्याने एकदाही दुसऱ्या बाजूने खेळून बघितलं असतं त्याला ही साधी गोष्ट पहिल्या दिवशी कळली असती.

"मग सैन्य का पाठवलंस?" धाकट्याने विचारलं. "मागे ठेवायचं. मला दाबायचं. तिथे तसं करता येतं."

"करता येतं, वाचलं मी. पण तुझ्यावर तिघं चालून आले होते. मी आकडा बघत बसलो असतो तर तू संपला असतास. मग आकडा कुणाचा बघणार होतो?"

असं म्हणून तो पाय खाजवायला प्लास्टरमध्ये वहिनीची विणायची सुई घालू लागला. धाकटा उठून उभा राहिला, पुन्हा बसला. मग त्याने डॉक्टरीणबाईंची गोष्ट सांगितली. खोली, पाटी, महिनाअखेर, आणि आपण तिथेच नाही म्हटलं नाही, हेही. सांगताना तो वायरीकडे बघत होता. दादाची सुई मध्येच थांबली होती. वहिनी दाराशी आली होती, ती तशीच मागे फिरली.

सुई बाजूला ठेवून दादाने विचारलं, "खोलीची खिडकी कुठल्या अंगाला आहे?"

"पश्चिमेला."

"मग दुपारनंतर दात पिवळे दिसतील. रंग चुकेल. दात लावायचं काम सकाळीच उरकत जा."

धाकट्याला रडू आलं आणि ते लपवायला त्याने वायर गुंडाळायला घेतली. "तू म्हणालास तर नाही जात," तो म्हणाला. हे बोलतानाच त्याला ठाऊक होतं, की दादा तसं म्हणणार नाही, आणि म्हणूनच आपल्याला हे बोलायचा धीर होतोय. इतकं स्वस्त वाक्य त्याने आयुष्यात दुसरं उच्चारलं नसेल.

"जा," दादा म्हणाला. "पण जाताना तुझ्या हाताची हत्यारं घेऊन जा. दुसऱ्याच्या हाताला ती बसणार नाहीत."

धाकटा गेला. पाटी लागली, काम आलं, दोन मुलं हाताखाली आली. लोक म्हणाले, मोठ्या झाडाखालून बाहेर निघाल्यावर वाढला. ऐकून तो मान डोलवी आणि त्या दिवशी जेवण नीट जात नसे. दादाने पाय बरा झाल्यावर काही महिने लॅब चालवली, एक दात लावणारा ठेवून बघितला, मग मोठी कामं सोडून दिली. तुटलेल्या कवळ्या सांधायचं काम तेवढं ठेवलं. धाकटा दर रविवारी जायचा, त्याच खुर्चीवर बसायचा. खेळाचं नाव दोघांनी काढलं नाही. त्याने तो पुन्हा उघडला नव्हता. मोठं राज्य घेऊन बघावं असं एकदा मनात आलं, पण आपल्या मांडलिकांची यादी बघायची त्याला भीती वाटली.

सात वर्षं गेली. एका सकाळी धाकट्याच्या टेबलावर एक खोकं येऊन पडलं. आत प्लास्टरचे दोन जबडे होते, वरचा आणि खालचा, कडा अशा सफाईने कापलेल्या की कुणाचं काम ते चिठ्ठी न वाचता कळावं. पण डाव्या बाजूला सुरीचा हात थरथरल्याच्या तीन बारीक रेघा होत्या. जबड्यात एकही दात नव्हता. चिठ्ठीवर पेशंटच्या नावाच्या जागी दादाचं नाव होतं, आणि तारखेच्या जागी लिहिलं होतं, तुझ्या सवडीने.

दादाचे दात गेले होते आणि धाकट्याला पत्ता नव्हता. दर रविवारी समोर बसून तो दादाच्या तोंडाकडे बघायचं टाळत आला होता, म्हणून. दादाने आधी डॉक्टरकडे माप दिलं, मग स्वतःच्याच मापात प्लास्टर ओतलं, आणि आपल्या वाट्याचं काम करून पुढचं धाकट्याकडे पाठवलं. पूर्वी पाठवायचा तसंच.

धाकट्याने त्या कामाला मुलांना हात लावू दिला नाही. नऊ दिवस रोज सकाळी, ऊन खिडकीकडे वळायच्या आत, तो दादाचे दात लावत होता. दादाचा वरचा डावा सुळा थोडा बाहेर होता, तो तसा लावला. पुढच्या एका दाताच्या कडेची कपची धाकट्याच्या लहानपणीच उडालेली होती. धाकट्यानेच खेळताना मारलेल्या दगडाने. त्याने ती कपची कापली, आणि जिभेला टोचू नये म्हणून कड घासून घेतली.

दादा कवळी घालायला आला. आरशात बघून त्याने कपची उडालेल्या दातावरून जीभ फिरवली आणि हसला. "हे बरं आठवलं तुला."

"चावून बघ. कुठे लागतंय का?"

दादाने दोन-तीनदा दात टेकवले. खोलीभर बघितलं. मुलं, मेण वितळवायचे दिवे, पश्चिमेची खिडकी. मग सहज विचारावं तसं विचारलं, "तुझ्या राज्याचं काय चाललंय?"

सात वर्षांत पहिल्यांदा. धाकट्याने टेबलावरची सुरी सरळ केली. "ठीक आहे," तो म्हणाला. "कुणी चालून येत नाही."

"आलं तर कळव," दादा म्हणाला, आणि उजवीकडे मागे किंचित लागतंय ते दाखवायला त्याने तोंड उघडलं.