चार वाटांचा दगड

अर्व्हेला वाचाचा या एकाहत्तर वर्षांच्या बाई, आणि महिनाभर त्यांचं डोकं एका दगडाने उठवलं होतं.

अमेरिकेतल्या त्यांच्या डोंगरी गावात चेरोकी या मूळ रहिवाशांच्या चार जुन्या वाटा जिथे मिळत, तिथे खुणेचा दगड बसवायचं इतिहास समितीने ठरवलं. बाई स्वतः चेरोकी, म्हणून अध्यक्ष वेंडेल क्रिस्प त्यांना चौकात घेऊन आले आणि म्हणाले, "इथेच ना, बाई?"

चौकात! अहो, पायी चालणारी माणसं नदी ओलांडणार ती उथळ पाण्यातून. तसं पाणी धोबीखान्यामागच्या उतारापाशी, आणि वाटा मिळायच्या त्या तिथेच. लहानपणी बाई आईच्या मागोमाग तिथूनच सोचनची रानभाजी खुडायला जात. चौकात तेव्हा नुसती दलदल. पण समोरच्याला तोंडावर खोटं पाडणं म्हणजे बाईंच्या घरात निव्वळ उद्धटपणा. मान खाली घालून त्या गप्प राहिल्या.

क्रिस्पसाहेबांनी वहीत लिहिलं : संमती.

साहेब आणखी तीनदा आले. बाई तीनदा गप्प राहिल्या, दर वेळी जास्त कडक. शेवटी तर अशा गप्प बसल्या की मांजर उठून बाहेर गेलं. साहेब मात्र खूश. दगडावर कोरलं गेलं : 'ही जागा अर्व्हेला वाचाचा यांनी दाखवली.'

"मावशी, तुझ्या नावाने चूक कायमची बसतेय!" भाची लोव्हीना करवादली. "तोंड उघड की!"

"किती स्पष्ट गप्प बसले मी! आणखी काय करू?"

"त्यांना नाही ऐकू येत ते!"

"बहिरा मेला!"

शनिवारी समारंभ. साहेबांनी दगडावरच्या कापडाला हात घातला आणि बाईंच्या तोंडून निघालं, "नाही!"

चौक थिजला. बाईसुद्धा. मग त्या तरातरा धोबीखान्यामागे निघाल्या, आणि मागोमाग अख्खी समिती, नव्या बुटांनी, चिखलात. सोमवारी ट्रॅक्टरने दगड उतारावर नेला.

पण बाईंचा जीव थाऱ्यावर येईना. चारचौघांत माणसाला तोडून बोललो! त्यांनी घेवडा घालून मक्याचे उंडे पानांत उकडले, टोपली भरली आणि क्रिस्पसाहेबांचं दार वाजवलं. "परवा जरा जोरात बोलले," एवढंच म्हणाल्या.

साहेबांनी दोन उंडे संपवले. तिसऱ्याला त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे चौकच बरोबर होता म्हणायचा?"

बाईंनी टोपली ओढून घेतली.

"नाही," त्या म्हणाल्या. या खेपेला मुळीच जड गेलं नाही.