पुढचा ब्रेक

भोकरदनला आमच्या तरुणपणी मोटारसायकली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, पण त्यांच्याबद्दल सल्ले देणारे घरोघरी होते. त्यातला एक सल्ला सगळ्यांचा सारखा असे: पुढचा ब्रेक दाबायचा नाही. दाबला की गाडी मागून उचलते आणि माणूस हँडलवरून पालथा पडतो. पोस्टमास्तर हेच सांगत, कंपाउंडर हेच सांगे, आणि ज्यांनी जन्मात सायकलवरसुद्धा टांग टाकली नव्हती ते माझे वडील हे सगळ्यांत ठामपणे सांगत. काही शहाण्यांनी तर पुढच्या ब्रेकची केबल काढूनच टाकली होती.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी आणि माझा मित्र दोघंही विशीत होतो. त्याचं घर आमच्याच गल्लीच्या तोंडाशी. पहिलीपासून एका बाकावर बसलो, एकाच इयत्तेत एकदा नापास झालो, त्यामुळे दोस्ती अधिकच घट्ट झाली. औरंगाबादच्या भंगारवाल्याकडून आम्ही एकाच बनावटीच्या दोन अपघाती गाड्या आणल्या. दोन सायलेन्सरवाल्या, दणदणीत आवाजाच्या. त्याच्या चुलत्याच्या रिकाम्या पत्र्याच्या शेडमध्ये वर्षभर खपून त्या उभ्या केल्या. शेड त्याच्या चुलत्याची, म्हणून किल्ली त्याच्याकडे. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

वेगाची चटक काय असते ते ज्याला लागली त्यालाच कळतं. जाफराबादच्या रस्त्यावर, गाव मागे पडलं की, छाती टाकीला टेकवायची आणि मूठ पिळायची. कानांना रुमाल बांधलेला, डोळ्यांतून पाणी, दोन्ही बाजूंची कपाशी नुसती हिरवी रेघ होऊन जायची. हेल्मेट आम्ही फक्त चित्रात पाहिलं होतं. पडलो तर काय होईल हे माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचीच अर्धी गंमत होती.

त्या रस्त्यावर एक वळण होतं. गावाकडे परतताना आधी उतार, मग एकदम डावीकडे मोड, आणि लगेच ओढ्यावरचा बुटका पूल, म्हणजे फरशी. सगळे तिथे लांबूनच वेग कमी करत, कारण नुसता मागचा ब्रेक दाबला की चाक घसरायचं. मी त्या वळणावर बरेच दिवस घालवले, गुडघे फोडून घेतले, आणि एक गोष्ट हाती लागली. गाडी सरळ असतानाच, वाकवण्याच्या आधी, पुढचा ब्रेक हळूहळू पण शेवटपर्यंत दाबायचा. गाडी पुढे दबते आणि जमीन धरते. मग ब्रेक सोडायचा आणि वळायचं. ज्या ठिकाणी बाकीचे रांगत त्या ठिकाणी मी सुसाट येऊन वळू शकत होतो.

हे मी गावात एकालाही सांगितलं नाही. मित्राला मात्र सांगितलं. भरदुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, त्याला त्या उतारावर उभं करून पुन्हा पुन्हा करून दाखवलं, मग त्याच्याकडून करून घेतलं. पहिल्यांदा तो पडला आणि त्याच्या ब्रेकच्या केबलला लिव्हरजवळ कायमचा पीळ बसला. शेवटी त्याला जमलं तेव्हा फरशीवर गाडी थांबवून त्यानं मला मिठी मारली. म्हणाला, ही विद्या आपल्या दोघांतच ठेवू. मला ते फार गोड वाटलं.

दसऱ्याला गाव सीमोल्लंघनाला चालत शिवेपर्यंत जाई. मोटारसायकलवाल्यांनी त्याची शर्यत करून टाकली होती. मारुतीच्या पारापासून जाफराबादच्या रस्त्यानं निघायचं, शेजारच्या गावाच्या शिवेवरच्या आपट्याची फांदी तोडायची आणि परत पारापाशी यायचं. एरवी जिंकणाऱ्याला नारळ आणि वर्षभराची फुशारकी मिळे. त्या वर्षी मात्र गावातल्या कापसाच्या जिनिंगवाल्यांचे हैदराबादचे पाहुणे आले होते. त्यांचं तिकडे मोटारीच्या पार्टांचं दुकान होतं, आणि ते शर्यतीच्या गाड्या पाळून होते. त्यांना तिकडच्या मैदानावर पळवायला एक पोरगा हवा होता. पान चघळत ते पारावर सगळ्यांसमोर म्हणाले, "जो पहले आयेगा, उसकू मैं लेके जाता. बस."

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. बीएला दोनदा गटांगळ्या खाल्लेल्या माणसाला गावात काय भवितव्य होतं? गाडी चालवणं एवढी एकच गोष्ट मला इतरांपेक्षा बरी येत होती, आणि तेवढ्यासाठीच कुणीतरी मला घेऊन जायला आलं होतं. ते वळण माझं होतं, म्हणजे शर्यत माझी होती. मित्रही तेच म्हणायचा. तोही पळणार होता, पण दुसरा येण्यासाठी, असं हसून सांगायचा.

खंडेनवमीला आम्ही गाड्या धुतल्या, मोठी पूजा मांडली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पूजेत बसतात. सुताराचा वाकस, न्हाव्याचा वस्तरा, तसेच आमचे पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर. हळदीकुंकू लावलं की सीमोल्लंघन होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. उपाशी राहीन पण हे मोडणार नाही अशा घरात मी वाढलो. तरीही निघता निघता मला वाटलं, एकदा चेन बघावी. मी वाकलो तसा त्यानं माझा हात धरला. "पूजेत बसलेत ते. आज न्हाई हात लावायचा गड्या, अपशकुन व्हतो. उद्या डायरेक किक मारायची." मला माझीच लाज वाटली. त्यानं शेडला कुलूप लावलं आणि आम्ही घरी गेलो.

दसऱ्याला दुपारी पारासमोर गर्दी जमली. गाड्यांच्या हँडलवर झेंडूचे हार इतके की हेडलाइटसुद्धा दिसत नव्हता. निघण्याआधी मी सवयीनं पुढचा ब्रेक दाबून पाहिला. लिव्हरनं बरोबर जोर दिला. हार बाजूला सारून बघावं असं डोक्यातही आलं नाही. देवाच्या पूजेतल्या गाडीचा हार कोण विस्कटतो?

शर्यत मला हवी तशी झाली. जाताना मी दुसरा होतो, फांदी तोडून पहिला निघालो, आणि परतीच्या उतारावर पुढे कुणी नव्हतं. मागे फक्त मित्राच्या गाडीचा आवाज, आणि तो मला ओळखीचा होता म्हणून बराही वाटत होता. वळण आलं. मी नेहमीच्या ठिकाणापर्यंत मूठ सोडली नाही. मग ब्रेक दाबला.

काहीतरी तटकन तुटलं आणि लिव्हर मोकळी होऊन मुठीला येऊन आपटली. मागचा ब्रेक दाबला तोवर उशीर झाला होता. गाडी आडवी झाली, रस्ता सोडून कपाशीत शिरली आणि मला घेऊन बांधावर आदळली. उजवा गुडघा वाजलेला मी ऐकला. दुखायच्या आधी मला त्याची गाडी ऐकू आली. सरळ असतानाच पुढचा ब्रेक, हळूहळू, शेवटपर्यंत. मग सोडला. मग वळण. माझ्याकडूनच शिकलेलं होतं सगळं, आणि कुठेही चूक नव्हती. मागून येणाऱ्यानं पडलेल्यासाठी थांबायचं, हा आमचा रिवाज होता. तो थांबेल म्हणून मी हात वर केला. फरशी ओलांडून त्यानं गियर बदलला, पुन्हा बदलला, आणि आवाज गावाकडे गेला.

कपाशीत पडल्या पडल्या मी हँडलकडे पाहिलं. हार तुटून गेला होता. माझी केबल हेडलाइटला घासू नये म्हणून मी तिला बहिणीच्या हिरव्या रिबिनीचा तुकडा बांधला होता. समोर लोंबकळणाऱ्या केबलला रिबीन नव्हती. लिव्हरजवळ पीळ होता, आणि पिळाशीच तारा झिजून तुटल्या होत्या.

आठवडाभरात तो हैदराबादला गेला. मी औरंगाबादच्या दवाखान्यात पाय टांगून पडलो होतो. मी वडिलांना सांगितलं, त्यानं केबल बदलली. वडील रागावले. म्हणाले, खंडेनवमीला पान्याला हात कोण लावील? पडलास ते पडलास, वर लोकांच्या पोराला नावं ठेवतोस. आई म्हणाली, तापात बरळतोय. गल्लीत ज्याला ज्याला सांगितलं त्यानं हेच उत्तर दिलं. मला ज्या रीतीनं बांधून ठेवलं होतं तीच त्याच्या बाजूनं साक्ष देत होती. केसानं गळा कापणं म्हणतात ते हे, आणि कापणाऱ्यानं आधी माझा हात धरून मला धर्म शिकवला होता. गुडघ्यापेक्षा मला तेच जास्त सलायचं. आजही सलतं, वय झालं की राग निवतो म्हणणाऱ्यांना खरा राग आलेलाच नसतो.

पुढच्या दसऱ्याला तो आला. अंगात कातडी जाकीट, हातात आपट्याची पानं. त्यानं आईवडिलांच्या पाया पडून त्यांना सोनं दिलं. मी खाटेवर पाय लांब करून बसलो होतो. गुडघा वाकत नव्हता. त्यानं माझ्या हातात पानं ठेवली आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच सुरू केलं.

"काकू, मला एक सांगायचंय. वर्षभर मनाला खाऊन राह्यलं. माझी पुढच्या ब्रेकची केबल तुटायला आल्ती, म्हून नवमीच्या सांजेला मीच याची काढून घेतली अन् माझी याला लावली. चूक झाली. पर हा पुढचा ब्रेक कव्हा दाबतो, हे मला कुठं ठाव? कोणच दाबत न्हाई."

त्याचे डोळे भरून आले होते. आईचेही आले. वडिलांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ मान हलवली. "बरोबर हाय. पुढचा ब्रेक कोन दाबतं? म्या याला हजारदा सांगितलं व्हतं, दाबू नको." मग माझ्याकडे वळून म्हणाले, पोरानं स्वतःहून कबूल केलं, एवढं मन आजकाल कुणाचं असतं, आता मिटवून टाक.

मी सांगितलं, याला मी शिकवलं होतं, त्या वळणावर, पुन्हा पुन्हा. त्यानं माझ्याकडे पाहिलं. नजर चुकवली नाही, हेच मला अजून सहन होत नाही. हळू आवाजात, दुखऱ्या माणसाची समजूत घालावी तसं तो म्हणाला, "कव्हा रे?"

आईनं त्याला श्रीखंडपुरी वाढली. तो पोटभर जेवला, आणि उरलेली पानं घेऊन शेजारच्या घरी सोनं द्यायला गेला.