रुईच्या पानामागे

त्या मंगळवारी प्रार्थना झाली, हजेरी झाली आणि सातवीच्या वर्गावर विज्ञानाच्या बाई आल्या नाहीत. दहा वाजता त्यांच्या भावाचा फोन आला. सकाळी चहा करताना त्या पडल्या आणि गेल्या.

फुलचूरच्या त्याच शाळेत मी ग्रंथालय सांभाळतो. बोलण्याआधी हात पुढे करणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील. आमच्या बाई तर्जनी पुढे करायच्या, थेट समोरच्याच्या नाकाखाली. "घ्या वास. मंग बोला."

बोटावर पिवळा थेंब असायचा. ढालकिडा, म्हणजे तो ठिपक्यांचा लाल गोल किडा, चिमटीत धरला की पायांच्या सांध्यांतून तो थेंब सोडतो. कडू आणि कुबट. मुले ओरडायची, "बाई, काऊन असा घाण वास येऊन राहिला?"

"कारण त्याले जगायचं हाय."

मला म्हणायच्या, "सर, तुमचं नाक पुस्तकातच राहते." मी हसून बाजूला व्हायचो. वास मी कधी घेतला नाही.

सायकली ठेवायच्या जागेमागे, भिंतीला लागून रुई माजली होती. तिच्यावर पिवळ्या माव्याची कीड, ती खायला ढालकिडे, आणि पानांमागे त्यांची उभी, जिऱ्याहून बारीक अंडी. एकदा तिथे मुंगी आली. बाईंनी अख्ख्या सातवीला श्वास रोखायला लावला. मुंगीने अंड्याला मिशा लावल्या, झटक्यात मागे सरली आणि मिशा पुसत निघून गेली.

"याची माय कुठं हाय, बाई?" एका मुलीने विचारले.

"गेली. अंडी घालून जाते ती. राखत बसत नाही."

"मंग राखते कोन?"

"आपलं जहर अंड्यात भरून देते न ती. खाणाऱ्यानं खाऊनच पाहावं!"

मुख्याध्यापकांना तिथे स्कूटरसाठी शेड हवी होती. "बाई, चीक बच्चे की आँख में गया तो?" ते म्हणाले. प्रश्न खोटा नव्हता. दुसऱ्या दिवशी बाईंनी घरून साबणाची वडी आणून नळावर ठेवली. रुईला हात लावणाऱ्याने तो धुतल्याशिवाय वर्गात पाय ठेवायचा नाही.

शिपाईकाकांनी सोपी युक्ती सुचवली. "मारुतीची रुई हाय म्हना, बाई. कोनी हात नाही लावत."

बाई भडकल्या. "मारुतीले कायले मधात आणता? अंडी आहेत म्हणून कापायची नाही. खरं कारण पुरत नाही का?"

बाईंच्या हट्टाने काम थांबले. रद्द झाले नाही.

तेरवी झाली. त्यानंतरच्या सोमवारी कोयता घेऊन माणूस आला. मुख्याध्यापक माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "अब कौन लड़ेगा, सर?" त्यांनाही वाईट वाटत होते. पण शेड हवी होती.

शिपाईकाका माझ्या कानाशी लागले, "मारुतीची म्हना, सर. आता तरी म्हना."

मी रुईजवळ गेलो. पान उलटले. अंडी होती. शेजारच्या पानावरचा ढालकिडा चिमटीत धरला, त्याने बोटावर थेंब सोडला. आयुष्यात पहिल्यांदा मी तो वास घेतला. तसाच चालत जाऊन बोट मुख्याध्यापकांच्या नाकाखाली धरले.

"घ्या वास."

ते दोन पावले मागे गेले. "सर, आप भी?"

"अंडी आहेत. कापायची नाही."

"लेखी द्या."

"देतो."

कोयतेवाला भिंतीला टेकून आमच्याकडे बघत होता. "कापू का नोको?" त्याने विचारले. मग त्याने बिडी पेटवली.

मी नळावर हात धुतले. वडी झिजून पापडासारखी झाली होती. मग ग्रंथालयात बसून अर्ज लिहिला. कारणाच्या जागी एकच ओळ होती: पानांमागे अंडी आहेत.

शेड फाटकाजवळ झाली. रुई जागेवर आहे. बाईंची वडी संपली. आता मी ठेवतो.